उसन्या प्रकाशाची पारख

केळापूर हे तालुक्याचे नाव आणि पांढरकवडा हे त्याच्या कचेरीचे गाव, ही व्यवस्था यवतमाळ जिल्ह्याबाहेरच्या माणसाला प्रथम थोडी गोंधळात टाकते. परंतु नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या महामार्गाने सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेस यावे, म्हणजे कापसाच्या व्यापाराने गजबजलेले पांढरकवडा, त्याच्या लगतचे जगदंबेचे केळापूर, आणि पुढे पैनगंगा ओलांडताच सुरू होणारी तेलंगणाची हद्द, असा सारा मुलूख ओळीने उलगडत जातो. मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि तेलुगू कानांवर पडणाऱ्या या तालुक्यात आता हौशी छायाचित्रकारांचा एक वर्ग निर्माण झाला आहे. कोणी शाळेत शिक्षक आहे, कोणी तहसिलीत कारकून, कोणी शेती सांभाळून महाविद्यालयात जाणारा तरुण. आणि पहिला कॅमेरा हाती आल्यावर वर्षभराच्या आत या सर्वांपुढे एकच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे बाहेरून जोडावयाची फ्लॅशगन घ्यावी की नाही, आणि घ्यावयाची तर कोणती.

प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा आहे. दुकानदार त्याचे उत्तर किमतीच्या आणि शक्तीच्या आकड्यांत देतो, आणि गिऱ्हाईकही तेवढ्यावर समाधान मानते. परंतु मुंबई-पुण्याच्या चुनेगच्ची दिवाणखान्यांना गृहीत धरून लिहिलेल्या मार्गदर्शनावर विसंबून केळापुरातल्या माणसाने फ्लॅशगन विकत घेतली, तर बहुधा ती काही महिन्यांत कपाटात जाऊन पडते, असे या भागात फिरताना आणि छंदी मंडळींशी बोलताना वारंवार दिसून आले. त्याचे कारण यंत्रातील दोषात सापडत नाही. ते येथील घरांच्या छपरांत, येथील उन्हात, आणि येथे टिपण्याजोग्या गोष्टी ज्या वेळेस घडतात त्या वेळेत आहे.

त्या गोष्टी कोणत्या, ते आधी पाहिले पाहिजे. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला लोटणारी गर्दी सायंकाळनंतर दाट होते. लग्नाच्या वराती आणि हळदी रात्रीच्या. दिवाळीच्या सुमारास कोलाम आणि गोंड वस्त्यांत दंडारीचा फेर धरला जातो, तोही अंधार पडल्यावर. हंगामात कापसाच्या गाड्यांची वर्दळ पहाटेच्या काळोखात सुरू होते, जिनिंगच्या शेडमध्ये भर दिवसाही अर्धा उजेड असतो, आणि कोलामांच्या पोडावरील, म्हणजे वस्तीवरील, कुडाच्या घरात दाराच्या चौकटीएवढाच प्रकाश आत येतो. छायाचित्रकाराला येथे प्रकाशाची उसनवारी केल्यावाचून गत्यंतर नाही, हे खरे.

यावर आजचा तरुण म्हणेल, आणि त्याचे म्हणणे वाजवी आहे, की हल्लीच्या कॅमेऱ्यांची संवेदनक्षमता इतकी वाढली आहे की आयएसओ ६४०० वर नेऊन एका बल्बच्या उजेडातही चित्र निघते. मग फ्लॅशचा हा जिन्नस बाळगावाच कशाला? उत्तर असे की संवेदनक्षमता वाढवून प्रकाशाचे प्रमाण भरून काढता येते, त्याची दिशा मात्र बदलता येत नाही. मांडवाच्या मधोमध डोक्यावर लटकणारा दिवा नवरीच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरतो आणि नाकाखाली छाया पाडतो. ती छाया आयएसओ ६४०० वरही तेथेच राहते. तिला हटविण्यासाठी दुसऱ्या बाजूने येणारा प्रकाश लागतो, आणि तो हवा तेव्हा, हवा तिकडून, हवा तितका आणणे एवढेच फ्लॅशगनचे खरे प्रयोजन आहे. निवडीचे सारे निकष, माझ्या मते, या एका वाक्यातून निघतात.

फ्लॅशचा झोत हा समोरच्या माणसावर केलेला एक प्रकारचा अंमल आहे, याची जाणीव आपल्या या भूमीत फार पूर्वी व्यक्त झाली होती. यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या आश्रमात, नारणदास गांधींचे चिरंजीव आणि नात्याने गांधीजींचे चुलत नातू असलेले कनू गांधी यांनी छायाचित्रे घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती तीन अटींवर मिळाली: फ्लॅश वापरावयाचा नाही, कोणालाही विशिष्ट ढंगाने बसावयास सांगावयाचे नाही, आणि आश्रमाच्या तिजोरीतून या कामी एक पैही खर्च व्हावयाची नाही. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कनूंनी रॉलिफ्लेक्स कॅमेरा घेतला आणि १९३८ पासून १९४८ पर्यंत, त्या काळच्या मंद फिल्मवर, मातीच्या भिंती व कवेलूंचे छप्पर असलेल्या कुट्यांमध्ये, दारा-खिडकीतून येईल त्याच प्रकाशावर काम केले. त्या चित्रांत पुष्कळदा दाणेदारपणा आहे, हालचालीचा धूसरपणा आहे. परंतु त्यांत कोणीही दचकलेले नाही.

दुसरा प्रसंग पुण्याचा. ‘लाइफ’ नियतकालिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट १९४६ साली गांधीजींचे चरख्यासह छायाचित्र घेण्यास डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात आली. तिच्याच कथनानुसार, आधी तिला सूत काढावयास शिकावे लागले, आणि मग केवळ तीन फ्लॅशबल्ब वापरण्याची मुभा देण्यात आली. त्या काळी एक बल्ब एकदाच पेटत असे. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने काम केले. तीनच वेळा झोत सोडता येणार असेल तर छायाचित्रकार किती पाहील, किती थांबेल, प्रत्येक झोताचा किती हिशेब ठेवील, हे या प्रसंगावरून ध्यानात येते; आणि शेकडो झोत बिनदिक्कत सोडू देणाऱ्या आजच्या यंत्राच्या मालकाने तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

त्याही आधीचा काळ अधिक धोक्याचा होता. १८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेटसारखी द्रव्ये मिसळून झगझगीत उजेड देणारी दारू तयार केली. तिने प्रकाश दिला, तसाच धूर दिला आणि अनेकांचे हात भाजले. १९२९-३० च्या सुमारास काचेच्या बंद बल्बात धातूची वर्खासारखी पत्री जाळणारे फ्लॅशबल्ब आले. १९३१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी वायूने भरलेल्या नळीतून विजेचा साठा एका क्षणात सोडण्याची युक्ती सिद्ध केली, आणि आज आपण खांद्याला लावून फिरतो ती प्रत्येक फ्लॅशगन याच तत्त्वावर चालते. आत एक धारित्र असते, ज्याला कारागीर कपॅसिटर म्हणतात. चार लहान सेलांची शक्ती त्यात सुमारे ३३० व्होल्टपर्यंत साठविली जाते आणि झेनॉन वायूच्या नळीतून सोडली जाते. बंद पडलेली फ्लॅशगन घरी उघडून पाहण्याचा मोह कोणीही धरू नये, कारण सेल काढल्यावरही तो साठा आत शिल्लक राहू शकतो आणि त्याचा धक्का गंभीर असतो.

आता छपराकडे येऊ. फ्लॅशविषयीच्या बहुतेक ग्रंथांत पहिली शिफारस अशी असते, की झोत समोर न सोडता छताकडे वळवावा, म्हणजे पांढऱ्या छतावरून परावर्तित होऊन तो मृदू आणि विस्तीर्ण होतो. शिफारस उत्तम आहे. फक्त तिला पांढरे छत लागते. केळापूर तालुक्यातील खेड्यात पाहावे तर कवेलूंचे काळवंडलेले छप्पर, नाहीतर टिनाचे पत्रे. कवेलू प्रकाश गिळतात, टिनावरून तो वेड्यावाकड्या रेषांनी उसळतो. लग्नाच्या मांडवात वर लाल, पिवळ्या, हिरव्या कापडाचे पट्टे असतात, आणि त्यांवरून परतलेला प्रकाश त्याच रंगाचा होऊन वऱ्हाड्यांच्या तोंडांवर पडतो. तालुक्याच्या गावी स्लॅबचे घर असेल तर गोष्ट वेगळी, परंतु ज्यासाठी छायाचित्रकार घराबाहेर पडतो ते बहुधा स्लॅबखाली घडत नाही.

म्हणून येथे छताऐवजी भिंत शोधावी लागते. शाळेची चुन्याने रंगविलेली भिंत, ओसरीवर वाळत घातलेले पांढरे धोतर, सोबत्याच्या अंगातला पांढरा सदरा, यांपैकी काहीही परावर्तक म्हणून चालते; नीळ घातलेल्या भिंतीपासून मात्र सावध राहावे, कारण ती चेहऱ्यावर निळी छटा सोडते. यातून पहिला निकष सिद्ध होतो: फ्लॅशगनचे डोके केवळ वर उचलले जाऊन भागत नाही, ते डावीकडे, उजवीकडे आणि पार मागच्या बाजूस वळले पाहिजे. स्वस्त नमुन्यांत पुष्कळदा डोके उभ्या दिशेनेच हलते. कॅमेरा उभा धरून व्यक्तिचित्र घेऊ लागताच अशा फ्लॅशचा झोत एकाच बाजूस फेकला जातो, आणि त्या बाजूला भिंत नसेल तर तो अंधारात विरून जातो. या एका उणिवेपायी इतर सर्व गुण व्यर्थ ठरतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

शक्तीचा आकडा हा दुसरा विषय, आणि त्यात गिऱ्हाइकाची सर्वाधिक दिशाभूल होते. फ्लॅशच्या पेटीवर जो ‘गाइड नंबर’ छापलेला असतो, तो अंतर आणि छिद्रांक यांचा गुणाकार आहे. आयएसओ १०० वर गाइड नंबर ३६ असेल, तर साडेचार मीटरवरील माणसासाठी छिद्र एफ/८ ठेवावे लागेल. आयएसओ ४०० केल्यास हाच आकडा दुप्पट होऊन एफ/८ वर ९ मीटरपर्यंत झोत पोचेल. गणित सरळ आहे. परंतु फ्लॅशच्या आतली नळी पुढे-मागे सरकवून झोत अरुंद केला, की तोच आकडा फुगतो, आणि जाहिरातीत हा फुगलेला आकडाच झळकतो. कॅननच्या ६००ईएक्स या फ्लॅशचा आकडा ६० सांगितला जातो तो २०० मिलिमीटरच्या अरुंद झोतावरचा. निकॉनच्या एसबी-७०० चा २८ सांगितला जातो तो ३५ मिलिमीटरच्या रुंद झोतावरचा. ६० आणि २८ ऐकून ग्राहक पहिला दुपटीहून जोरकस समजतो. दोन्ही ३५ मिलिमीटरवर मोजले, तर सामना ३६ विरुद्ध २८ असा ठरतो, म्हणजे एका स्टॉपचाही, अर्थात प्रकाशाच्या दुपटीइतकाही, फरक उरत नाही. तेव्हा दोन फ्लॅशांची तुलना करताना झोताची रुंदी एकच आहे ना, एवढे विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत.

मग शक्ती किती घ्यावी? लोकांचा समज असा, की रात्र अंधारी म्हणून रात्रीसाठी जोरकस फ्लॅश हवा. वस्तुस्थिती उलट आहे. रात्री कॅमेऱ्याचा आयएसओ वाढविता येतो, छिद्र उघडता येते, आणि फ्लॅशच्या शक्तीचा आठवा किंवा सोळावा हिस्सासुद्धा पुरतो. शक्तीची खरी परीक्षा वैशाखातल्या दुपारी होते. कपाशीच्या रिकाम्या शेतात डोक्याला दुपट्टा बांधून उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा चेहरा डोक्यावरच्या उन्हाने अर्धा काळा पडलेला असतो, आणि ती छाया उजळायची तर फ्लॅशला सूर्याशी स्पर्धा करावी लागते. अशा उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवले तर छिद्र एफ/११ च्या आसपास येते; गाइड नंबर ३६ चा फ्लॅश पूर्ण शक्तीनिशी सोडला तरी तो एफ/११ वर सव्वातीन मीटरच गाठतो. शटर याहून वेगवान करावे म्हटले तर बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० या मर्यादेपुढे शटरचा पडदा संपूर्ण उघडतच नाही. ‘हायस्पीड सिंक’ नावाची सोय ती मर्यादा ओलांडू देते खरी, पण झोताचे बारीक बारीक तुकडे करून सोडल्यामुळे शक्ती पुष्कळच घटते. ज्याला उन्हातली माणसे टिपावयाची आहेत त्याने पूर्ण आकाराचा फ्लॅश घ्यावा. ज्याचे काम रात्री आणि घरात आहे त्याला मध्यम आकाराचा पुरतो.

अंतराचा नियमही येथेच सांगून टाकावा. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होत जातो. दोन मीटरवरील नवरीला जेवढा उजेड मिळेल, त्याचा चौथा हिस्सा चार मीटरवरील करवलीला आणि सोळावा हिस्सा आठ मीटरवरील वऱ्हाड्याला मिळेल. समोरून मारलेल्या फ्लॅशच्या चित्रात पुढचे चेहरे पांढरेफटक आणि मागचा मांडव काळाकुट्ट दिसतो तो याच कारणाने. शटर मंद ठेवून, १/१५ किंवा १/३० सेकंदावर नेऊन, मांडवाचा स्वतःचा उजेड चित्रात येऊ द्यावा आणि फ्लॅशची भर त्यावर हलकेच घालावी, हा त्यावरचा उपाय.

फ्लॅशने आपला झोत आपोआप मोजावा की छायाचित्रकाराने हाताने ठरवावा, हा वाद जुना आहे. १९७५ साली आलेल्या ऑलिंपस ओएम-२ या कॅमेऱ्याने भिंगातून आलेला प्रकाश फिल्मवर पडत असतानाच मोजून फ्लॅश तोडण्याची व्यवस्था केली; पुढे कॅननने ई-टीटीएल आणि निकॉनने आय-टीटीएल या नावांनी, मुख्य झोताआधी एक सूक्ष्म चाचणी-झोत सोडून हिशेब करण्याची पद्धत रुळविली. माणसे हलत असतील, अंतर क्षणोक्षणी बदलत असेल, तेथे ही व्यवस्था फार उपयोगी पडते. परंतु तिची समजूत अशी, की जगातील प्रत्येक दृश्य सरासरीने करड्या रंगाचे असते. पांढरा सदरा, पांढरे धोतर आणि पांढरी टोपी ल्यालेला म्हातारा समोर आला की ती प्रकाश कमी करते आणि म्हातारा मळकट निघतो. काळ्या म्हशीपुढे ती प्रकाश वाढविते आणि म्हैस धुरकट होते. म्हणून स्वयंचलित सोय असो वा नसो, हाताने शक्ती ठरविण्याची सोय असलीच पाहिजे, आणि ती १/१ पासून १/१२८ पर्यंत उतरणारी असावी. खालची पायरी वरच्या पायरीपेक्षा महत्त्वाची आहे, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो. शक्ती कमी केली की झोताचा कालावधीही आखूड होतो, सेल टिकतात, पुढचा झोत लगेच तयार होतो, आणि समोरच्या माणसाचे डोळे दिपत नाहीत.

झोताचा हा आखूड कालावधी किती मोलाचा आहे, ते पावसाळ्यात कळते. मृग नक्षत्राच्या सरी पडल्या की मखमली लाल मृगाचे किडे जमिनीवर निघतात, आणि पुढे कपाशीला बोंडे धरली की गुलाबी बोंडअळीचा शोध सुरू होतो. अळीचे चित्र वीतभर अंतरावरून घ्यावे लागते, छिद्र एफ/११ किंवा एफ/१६ पर्यंत मिटावे लागते, पान वाऱ्याने हलत असते. अशा वेळी १/१६ किंवा १/३२ शक्तीवर सोडलेला, सेकंदाच्या हजारो भागांपैकी एका भागात संपणारा झोत हालचाल जागच्या जागी थांबवितो. त्यासाठी भिंगाभोवती बसणारा वर्तुळाकार फ्लॅश वेगळा घेण्याची निकड नाही. साध्या फ्लॅशपुढे पांढऱ्या पातळ कागदाचा किंवा कापडाचा पडदा अळीच्या अगदी जवळ धरला तरी प्रकाश मऊ होतो. कृषी खात्याच्या माणसाला वा जाणकार शेतकऱ्याला दाखविता येईल असे स्पष्ट चित्र या तालुक्यात घेणे हा निव्वळ छंद राहत नाही.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर नेता आला पाहिजे, हा यापुढचा निकष. आणि खऱ्या अर्थाने हाच पहिला म्हणावयास हवा. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसविलेला फ्लॅश बैलांच्या डोळ्यांत हिरवट चकाकी आणि माणसांच्या डोळ्यांत लाली उत्पन्न करतो, सर्व उंचसखलपणा पुसून टाकतो, आणि जिनिंगच्या शेडमध्ये तर हवेत उडणारे कापसाचे तंतू भिंगासमोरच उजळून चित्रभर पांढऱ्या टिकल्या पाडतो. तोच फ्लॅश हातभर बाजूला किंवा कामगारांच्या मागे ठेवला, तर तेच तंतू सोनेरी धुरळ्यासारखे चमकतात आणि शेडची सारी खोली चित्रात उतरते. पूर्वी यासाठी तार लागे, किंवा एका फ्लॅशचा झोत पाहून दुसरा पेटण्याची योजना असे, जी कडक उन्हात दगा देई. कॅननने २०१२ साली आपल्या ६००ईएक्स-आरटी मध्ये आणि निकॉनने २०१६ साली एसबी-५००० मध्ये रेडिओ-लहरींची सोय अंगचीच दिली; पण त्यांची किंमत छंदी माणसाला परवडणारी नव्हती. चीनमधील शेन्झेनच्या गोडॉक्स या कंपनीने २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारा ग्राहक (रिसीव्हर) आपल्या स्वस्त फ्लॅशांतही बसविला, आणि हा सारा व्यवहार सामान्यांच्या आटोक्यात आला. त्यांचा टीटी६०० हा केवळ हाताने चालविण्याचा, टीटी६८५ हा स्वयंचलित मोजणीचा, आणि व्ही८६०-II हा लिथियम बॅटरीचा नमुना. तिघेही कॅमेऱ्यावर बसवून संदेश पाठविणाऱ्या एकाच ट्रिगरला दाद देतात. मात्र ट्रिगर आणि स्वयंचलित फ्लॅश आपापल्या कॅमेऱ्याच्या कंपनीनुसार घ्यावे लागतात. सोनीच्या मालकाने विशेष जपावे, कारण त्या कंपनीने २०१२ साली फ्लॅश बसविण्याची खाचच बदलली आहे.

तालुक्याच्या जुन्या फोटो-स्टुडिओंत अजूनही व्हिव्हिटार २८३ सारखे भक्कम फ्लॅश धूळ खात पडलेले आढळतात आणि ते नाममात्र किमतीत मिळतात. मोह पडतो. परंतु यांतील जुन्या नमुन्यांच्या संपर्कबिंदूवर अडीचशे व्होल्टच्या घरात दाब असू शकतो, आणि आजच्या कॅमेऱ्याची इलेक्ट्रॉनिक मांडणी तो सोसण्यासाठी बनलेली नाही. आंतरराष्ट्रीय मानकाने २४ व्होल्टची मर्यादा घातली आहे, आणि काही जुने डिजिटल कॅमेरे तर ६ व्होल्टांपुढे जाऊ नये असे बजावतात. मोजल्यावाचून असा फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवू नये.

सेल की बॅटरी, या प्रश्नाचे उत्तर शहरात एक आणि येथे दुसरे. लिथियमची बॅटरी पूर्ण शक्तीच्या झोतानंतर दीड सेकंदाच्या आसपास पुन्हा सज्ज होते. चार निकेल-धातू-हायड्राइड सेलांना अडीच-तीन सेकंद लागतात. लग्नाचा व्यवसाय करणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा. पण त्या विशिष्ट आकाराची बॅटरी ऐन वेळी मान टाकील, तर बदली मिळविण्यासाठी नागपूर गाठावे लागते, आणि साधे सेल प्रत्येक बाजारच्या गावी मिळतात. हौशी माणसाने साध्या सेलांचा फ्लॅश घ्यावा, आणि सान्योने २००५ साली आणलेल्या एनेलूपसारखे, साठा दीर्घकाळ टिकवून धरणारे, पुन्हा भारित होणारे सेल दोन संच बाळगावेत. भारनियमनाच्या दिवसांत एक संच नेहमी भरलेला असावा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो तेव्हा पूर्ण शक्तीचे झोत लागोपाठ सोडल्यास फ्लॅश तापून स्वतःहून थांबतो. त्याला सावलीत ठेवून दम खाऊ द्यावा. पावसाळ्यात सेल आत ठेवून फ्लॅश पेटीत टाकला, तर ते पाझरतात आणि संपर्कपट्ट्या हिरव्या पडतात.

रंगाचीही तजवीज हवी. फ्लॅशचा प्रकाश दुपारच्या उन्हासारखा, सुमारे ५५०० केल्विनचा. देवळातल्या समयांचा आणि पिवळ्या बल्बांचा त्याहून पुष्कळच तांबूस. दोन्ही एकत्र आले की माणूस निळसर आणि पार्श्वभूमी नारिंगी दिसते. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जिलेटिनचा पातळ कागद लावला आणि कॅमेऱ्याला पिवळ्या दिव्यांचा हिशेब सांगितला, की दोन्ही प्रकाश एकमेकांत मिसळून जातात. हा कागद अगदी अल्प किमतीचा आहे, आणि देवळात त्याहून अधिक उपयोगी असे दुसरे साहित्य नाही. गाभाऱ्यात छायाचित्राची परवानगी आहे किंवा कसे, ते अर्थात आधी विचारावे.

याच तालुक्यात आणि शेजारच्या घाटंजीत पसरलेले टिपेश्वर अभयारण्य आहे, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. वाघांमुळे त्याची कीर्ती आता दूरवर गेली आहे, आणि फ्लॅश घेणाऱ्या पुष्कळांच्या मनात ते असते. तेथे पर्यटकाने फ्लॅश नेऊच नये. तो वापरण्यास मनाई असते, आणि गणिताच्या दृष्टीनेही तो निरुपयोगी आहे: गाइड नंबर ६० चा झोत ४० मीटरवरील वाघासाठी एफ/१.५ इतके उघडे छिद्र मागेल. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी शिवालिकच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार ताणून, वाघाच्याच पावलाने मॅग्नेशियमची दारू पेटवून जी छायाचित्रे घेतली आणि १९२७ च्या आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केली, ती विद्या आज व्याघ्रगणनेच्या स्वयंचलित कॅमेऱ्यांकडे गेली आहे. पट्टे दोन्ही कुशींवर वेगळे असतात म्हणून हे कॅमेरे जोडीने, समोरासमोर लावतात. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावून सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळविण्यात आली. ते शास्त्रीय काम आहे आणि वनखात्याच्या देखरेखीखाली चालते. हौशी माणसाने घुबडाच्या ढोलीसमोर किंवा घरट्यावर रात्री झोत सोडणे यात त्यातले काहीही नाही, आणि ते करू नये.

माणसांच्या बाबतीत नियम अधिक कडक असावा, असे मला वाटते. कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. पोडावर येणारा पाहुणा कॅमेरा घेऊन येतो तेव्हा त्याला नकार देणे तेथील माणसाला सहसा जमत नाही. दंडारीच्या फेरात ढोलाच्या ठेक्यावर नाचणाऱ्यांच्या अगदी तोंडासमोर जाऊन पूर्ण शक्तीचा झोत मारला, तर ठेका चुकतो, लय मोडते, आणि दिपलेले डोळे सावरेपर्यंत तो माणूस काही क्षण आपल्याच अंगणात आंधळा होतो. आधी वडीलधाऱ्यांना विचारावे, काही वेळ कॅमेऱ्यावाचून फेर पाहावा, मग फेराच्या बाहेर, एका बाजूस, डोक्याहून उंच धरलेल्या काठीवर छत्री आणि फ्लॅश लावून, शक्ती १/१६ वर आणून, मंद शटरवर काम करावे. शटर मिटण्याच्या क्षणी झोत सुटेल अशी मागच्या पडद्याची जुळणी केली, तर पायांची गती रेषारूपाने मागे उरते आणि मुद्रा स्पष्ट उमटते. कनू गांधींवर घातलेली पहिली अट आपण अक्षरशः पाळू शकत नसलो, तरी तिच्यामागचा विचार अशा रीतीने पाळता येतो.

एकच फ्लॅश घेण्याची ऐपत असलेल्या वाचकाला माझी शिफारस अशी: डोके सर्व बाजूंस वळणारा, १/१२८ पर्यंत उतरणारा, रेडिओचा ग्राहक अंगचाच असलेला, साध्या सेलांवर चालणारा, हाताने नियंत्रित करण्याचा फ्लॅश घ्यावा, त्याच्याबरोबर आपल्या कॅमेऱ्याचा ट्रिगर, एक पांढरी छत्री, नारिंगी कागद आणि सेलांचे दोन संच घ्यावेत. मोठ्या कंपनीच्या एका महाग फ्लॅशच्या किमतीत हे सारे येऊन वर पैसे उरतात. दुकानात पैसे देण्यापूर्वी स्वतःचा कॅमेरा सोबत नेऊन, फ्लॅश ट्रिगरच्या साहाय्याने दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून पेटवून पाहावा, सर्वांत खालच्या शक्तीवर लागोपाठ झोत सोडून पाहावेत, आणि डोके वळविताना ते सैल तर नाही ना, याची खात्री करून घ्यावी. घरी आणल्यावर वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत, आणि महिन्यातून एकदा ते घालून पूर्ण शक्तीचे काही झोत सोडावेत. दीर्घकाळ निजलेला कपॅसिटर त्याने पुन्हा कामास येतो, आणि असा सांभाळलेला फ्लॅश कित्येक वर्षे टिकतो.